काचेला लागलेलं पीस

आमच्या घरात एक जागा होती जिथं पाय द्यायची मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला मनाई होती. चुलीच्या पलीकडं आढ्याला एक शिंकं टांगलेलं असायचं. शिंक्यात टोपली, टोपलीत मूठभर तांदूळ आणि मोरपिसांचा जुडगा. ते आमच्या कुळाचे देव. त्यांच्या खालची तेवढी जमीन बा स्वतः सारवायचा. बाकीचं घर आई आणि आम्ही दोघी सारवायचो, आणि त्या तुकड्याशी आलो की हात आपोआप थांबायचा. लहानपणी मला वाटायचं तिथं विंचू असेल, म्हणून बाईमाणसाला जवळ जाऊ देत नाहीत. पुढं कळलं तेव्हा वाटलं, विंचू असता तर बरं झालं असतं.

आमचा पाडा मोखाड्यापासून आत, नदी ओलांडून डोंगराच्या कडेला आहे. आमच्या कुळाची रीत अशी: मुलगा झाला की पाचवीला, म्हणजे जन्मानंतरच्या पाचव्या दिवशी, कुळातला जाणता म्हातारा शिंकं खाली उतरवतो. वाडवडिलांची नावं एकामागून एक घेतो आणि एक पीस बाळाच्या टाळूला लावतो. पीस लागलं की पोर ओळीत आलं. त्यानंतर त्याचं नावही त्या नावांच्या शेवटी जोडलं जातं. मुलीला पीस लावत नाहीत. ती आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी भाकरी थापायला जाणार, तिच्या नावाची देवांना काय गरज? आणि ज्या घरात ओळीतला पुरुष उरत नाही त्या घरातले देव भाऊबंदांकडं जातात, देवांच्या मागून ओढ्याकाठचं देवांचं शेतही जातं. शेजारच्या पाड्यांवर असं काही नाही. त्यांना आमची रीत सांगितली की ते हसतात. मलाही हसायला आवडलं असतं.

बहिणीनंतर आणि माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. त्याच्या पाचवीला बाने सगळ्या पाड्याला जेवू घातलं, असं आई सांगायची. घरातले दाणे संपत आलेले असतात अशा दिवसांत तो हातापायांनी काडीसारखा होत गेला आणि पाऊल टाकायच्या आतच गेला. पण पीस लागलेलं होतं. त्यामुळं त्याचं नाव आजही घेतात. मी त्याला पाहिलं नाही, पण दरवर्षी नवा भात घरात आला की त्याचं नाव माझ्या कानावर पडतं. माझं कधी पडलं नाही.

मग मी झाले. बाने माझं तोंड पाहिलं आणि तो नागली झोडायला खळ्यावर गेला. हे आई हसत सांगायची, म्हणून मीही हसत ऐकायचे. शाळेच्या वयाची झाले तशी मला जव्हारच्या बाजूला आश्रमशाळेत घातलं. शिक्षणाची हौस वगैरे काही नाही, एक तोंड कमी. मी नको होते म्हणून सुटले. शिकले, नोकरीला लागले, आज जव्हारमध्ये शाळेत शिकवते, माझ्या दाराला माझं कुलूप आहे. जी हवी होती ती अडकली.

ती म्हणजे बाय. मोठ्या बहिणीला आम्ही बाय म्हणतो. आईला पुढं मूल होणार नाही असं दिसल्यावर बाने ठरवलं की बायला घरीच ठेवायचं. नागलीचं चांगलं कणीस खायला न काढता बियाण्यासाठी वर टांगून ठेवतात, तशी तिला ठेवली. जव्हारकडून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडला होता, हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी तिनं मुद्दाम माझी केसांची पीन मागून घेतली होती. बाने पाहुण्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मग सुर्यामाळच्या बाजूचा एक गरीब घरचा मुलगा घरजावई म्हणून आला. पंचांसमोर ठरलं: बायला पहिला मुलगा झाला की त्याला पाचवीला आमचं पीस लावायचं. तो नातू म्हणून नव्हे, बाचा मुलगा म्हणून ओळीत येईल. देव घरात राहतील.

माझा मेहुणा फार शांत माणूस. भात काढून झाला की वीटभट्टीवर जातो, पाऊस तोंडावर आला की परत येतो आणि भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायला लागतो. घरजावयाला घरात बोलायला जागा नसते. तो कधी काही बोललाही तर बा त्याच्याकडं न बघता बैलाशी बोलायला लागायचा.

बायला पहिली मुलगी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. प्रत्येक पाचवीला मी जव्हारहून लाडू घेऊन जायचे. सुईण बाळाला न्हाऊ घालायची, बायका गाणी म्हणायच्या आणि शिंकं वरच्या वर असायचं. काकाही यायचा. बाचा धाकटा भाऊ, त्याला दोन मुलगे. ओट्यावर बसायचा, जेवायचा, शिंक्याकडं एकदा बघायचा आणि हात धुऊन निघून जायचा. कधी वाकडं बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती.

बाय मात्र वाळत चालली होती. माझ्यापेक्षा थोडीच मोठी, पण बाजारात भेटली की लोक मला विचारायचे, ही तुझी आई का? तिच्या नखांचा रंग उडाला होता. भाताची रोपं लावायला आवणीत वाकली की डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणायची आणि चिखलातच जरा बसून घ्यायची. मी म्हटलं, "बाय, आता बास कर." ती म्हणाली, "बास काय माझ्या हातात हाय का?" त्यात राग नव्हता. त्याचाच मला राग आला.

चौथ्या वेळी दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. नेमकी मी तेव्हा घरी होते. सुईण म्हणाली, "माझ्या हातचं नाय हा, हिला घेऊन जा." मी फोन करून गाडी बोलावली. गाडी नदीपलीकडच्या रस्त्यापर्यंतच येते, तिथवर मेहुण्याने आणि पाड्यावरच्या माणसांनी तिला झोळीत घालून नेलं. मोखाड्याहून तिला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं मुलगा झाला.

एवढासा. माझ्या तळहातावर मावेल असा. त्याला श्वास घेता येईना, म्हणून त्याला लगेच वेगळ्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं. बायला रक्त चढवलं. डॉक्टर बाईंनी मला आणि मेहुण्याला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "ही वाचली ते नशीब. पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही. हिच्या जिवावर बेतेल. ऑपरेशन करून घ्या." मेहुणा म्हणाला, "करा." बाय म्हणाली, "बाला इचारते." आणि बाने निरोप पाठवला, आधी पाचवी होऊ दे.

पाचवीला बाळ घरी आणायचं असं पाड्यावर सगळे धरूनच चालले होते. मी फोनवर सांगितलं, बाळ पेटीतून बाहेर काढलं तर वाटेतच जाईल. मग बाने फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

पाचव्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभी होते आणि समोरून बा आला. अंगावर धुतलेलं धोतर, पायात माझीच जुनी चप्पल, आणि छातीशी नव्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मला आधी वाटलं भाकरी असतील. जवळ आला तेव्हा टॉवेलातून मोरपिसांची टोकं दिसली.

बाने शिंकं खाली उतरवलं होतं. जे देव त्याच्या आज्याच्या आज्यापासून त्या आढ्याखालून हलले नव्हते, ते घेऊन तो नदी उतरला होता, मोखाड्याला शेअर जीपमध्ये बसला होता आणि सगळ्या रस्त्याने टोपली मांडीवर धरून आला होता. जाणता म्हातारा त्याच्याबरोबर यायला तयार झाला नाही. आमचे देव पाणी ओलांडत नाहीत, म्हणाला. तेव्हा बा एकटाच निघाला. "पोर देवाकडं येत नाय, तं मी देवांना पोराकडं आणला," तो मला म्हणाला. आयुष्यभर ज्या माणसाने मला त्या टोपलीच्या सावलीत उभं राहू दिलं नाही, त्याने पहिल्यांदाच ती माझ्या समोर धरली होती. त्या क्षणी मला तो फार आवडला. हे मी लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

नर्स चांगली होती. तिने त्याला हाकललं नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही काचेबाहेरून काय करायचं ते करा. पीस आत नाही नेता येणार." बाने माझ्याकडं पाहिलं. "बारके, तू सांग तिला. तू शिकलेली हायस." मी नर्सच्या बाजूला उभी राहिले. "बा, पिसात धूळ असते. तो आत एकेका श्वासासाठी झटतोय. नको." आजही विचाराल तर मी हेच सांगेन. मला त्याचा पश्चात्ताप नाही, कितीही जणांनी मला तो करायला सांगितलं तरी.

मग बाने काचेसमोर उभं राहून नावं घेतली. वऱ्हांड्यात बसलेल्या बायांनी माना वळवल्या. लांबच्या खुर्चीवरचा वॉचमन उठून उभा राहिला. बा एकेक नाव मोठ्याने घेत गेला, आज्याचं, बापाचं, आणि शेवटी माझ्या त्या भावाचं. मग त्याने एक पीस काढलं आणि काचेला लावलं, पलीकडं बाळाचं डोकं जिथं दिसत होतं बरोबर तिथं. बाळाने तोंड वाकडं केलं. बा हसला. मी त्याला तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. "झाला," तो म्हणाला, आणि माझा चहा मागून घेऊन प्यायला.

दोन दिवसांनी मी बाला घरी सोडायला गेले. बातमी आमच्या आधी पोचली होती. अंगणात भाऊबंद बसले होते, मधे जाणता म्हातारा आणि त्याच्या शेजारी काका. बाला घरात शिरू दिलं नाही. देव घराबाहेर गेले होते, पाण्यावरून गेले होते, ते आता तसेच आत येणार नव्हते. म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "पीस टाळूला लागला का?"

बाला खोटं बोलता आलं असतं. बघायला होतं कोण? मी होते, आणि मी तोंड उघडलं नसतं. मी त्याला डोळ्यांनी सांगत होते, हो म्हण, बा, हो म्हण. तो म्हणाला, "काचंला लागला. पोर काचंच्या आत होता."

म्हाताऱ्याने मान हलवली. "काचंला कूळ नसतं," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. पाचवी गेली, पीस लागलं नाही, म्हणजे ते पोर घरजावयाचं, आमचं नव्हे. आणि बाहेर पडलेले देव पुन्हा टांगायचे तर ओळीतला मुलगा असलेल्या घरातच टांगायचे. अंगणातल्या आंब्याच्या फांदीला टोपली अडकवली होती. काकाने ती दोन्ही हातांनी काढली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खरं पाणी. रडत रडत घेऊन गेला. पुढच्या हंगामात ओढ्याकाठच्या शेतात त्याचे बैल होते. जाताना म्हाताऱ्याने बाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मुलगी अजून तरणी हाय. पुढचा मुलगा झाला तं पाचवीला देव परत आणून लावू." हे सांत्वन म्हणून म्हटलं. शापसुद्धा इतका नेमका लागत नाही.

बाळ वाचलं. बराच काळ पेटीत राहून, मग बायच्या छातीशी कपड्यात बांधून, वाचलं. आता तो अंगणभर पळतो. कोंबड्यांच्या मागं लागतो, बाच्या विडीचं बंडल लपवतो, माझी पर्स उघडून त्यातलं सगळं बाहेर काढतो. बाचा त्याच्यावर जीव आहे. खांद्यावर घेऊन मोखाड्याच्या बाजारात जातो, खाऊ घेऊन देतो. आणि नव्या भाताच्या दिवशी काकाच्या घरी देवांसमोर नावं घेतली जातात तेव्हा बा त्या पोराला बाहेर ओट्यावर बसवून आत जातो. आत माझ्या भावाचं नाव येतं, जो कधी चाललाच नाही. जो चालतो तो बाहेर बसून पायाने माती उकरत असतो. मी एकदा तिथंच मोठ्याने म्हटलं की तुम्हाला मेलेलं पोर चालतं आणि जिवंत चालत नाही, लाज वाटत नाही का? कोणी रागावलं नाही. शिकलेल्या बाईला असं बोलायची सवय असते, असं धरून त्यांनी मला जेवायला वाढलं.

आमच्या घरातली ती जमीन आता बाय सारवते. पहिल्यांदा सारवली त्या दिवशी मी तिथंच होते. तिचा हात सवयीने थांबला, मग तिने तो पुढं नेला. बा भिंतीकडं तोंड करून बसला होता. त्यानंतर तो फारसा घरात बसत नाही.

ऑपरेशन झालं नाही. मी पाठी लागले, पाड्यावरच्या बाळंतिणींची नोंद ठेवणारी आशाताई पाठी लागली. मेहुणा तर मला चक्क म्हणाला, "ताई, माझा पोरगा मना पुरे हाय. मना दुसरा नको." पण त्याचं ऐकतो कोण? दर वेळी बाय म्हणायची, "भात काढून झाला की करते." मग म्हणायची, "पुढच्या वर्षी." मी बाशी भांडले. "डॉक्टर बाईंनी सांगितलंय, ती मरेल." बा म्हणाला, "मी तिला काय सांगितला? मी एक शब्द बोलत नाय." आणि ते खरं होतं. तो एक शब्द बोलत नव्हता. संध्याकाळी ओट्यावर बसून काकाच्या घराकडं बघत राहायचा, एवढंच. माझी आई त्याच्या पाठीमागं उभी राहायची आणि तीही तिकडंच बघायची. घरातल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं?

गेल्या काही महिन्यांत बाय फोनवर तुटक बोलायची. मी येते म्हटलं की कामं सांगायची. मोहाची फुलं गोळा करायची आहेत, पोरी आजारी आहेत, लाकडं आणायची आहेत. मला कळायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण ती आमच्या घरातली सगळ्यात सरळ बाई, तिने मला कधी फसवलं नव्हतं. या आठवड्यात मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मी पंचायत समितीत कामाला गेले होते आणि सुकटीवाल्यांच्या ओळीत ती मला पाठमोरी दिसली. वळली तेव्हा दिसलं. पदर कितीही ओढला तरी सातव्या-आठव्या महिन्याचं पोट लपत नाही.

मी तिला दंडाला धरून जीपस्टँडच्या मागं नेलं. दंड हातात आला तो नुसतं हाड. मी ओरडले. आजूबाजूची माणसं बघायला लागली तरी ओरडत राहिले. तुला एक मुलगा आहे, तो तुला आई म्हणतो, त्याचं काय? तीन पोरींचं काय? तिचे ओठ पांढरे पडले होते. मग तिने पदराच्या टोकाने माझे डोळे पुसले, मी आश्रमशाळेत जाताना पुसले होते तसेच.

"मना समजतं सगळं," ती म्हणाली. "पण बघ, तो पोरगा वाचला आन् बा मेला. रोज मरतो माझ्यासमोर. मना नाय बघवत."

"मी तुला आजच जव्हारला घेऊन जाते," मी म्हटलं. "कळा लागल्या की गाडी घेऊन येते. मी तुला घरी बाळंत होऊ देणार नाही."

ती मागं सरकली. माझा हात दंडावरून सोडवला, हळूच, कोणी लहान मुलाच्या मुठीतून आपलं बोट सोडवतं तसा. मला समजलं की माझ्यापासून ती हे का लपवत होती. मागच्या वेळी गाडी मी बोलावली होती. काचेशी नर्सच्या बाजूला मी उभी होते.

"बारके, तू पाचवीला ये," ती म्हणाली. "लाडू घेऊन ये. त्याच्या आधी नको येव."

जीप भरली होती. तिला पुढं ड्रायव्हरशेजारी जागा दिली, पोटुशी बाई म्हणून. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडं बघून हसली. मी आशाताईला फोन लावला, मग दवाखान्यात लावला, मग मेहुण्याला. मेहुण्याचा फोन लागला नाही, भट्टीवर रेंज नसते. आज सकाळी मी बाजारात जाऊन बेसन आणि गूळ आणून ठेवला आहे. कशासाठी आणला ते मला माहीत नाही.